बेवारस मृतदेह, बेवारस विधेयक

लोकसभेत २४ जुलै २०२३ रोजी मणिपूरच्या प्रश्नावरून प्रचंड गदारोळ सुरू होता. त्या गोंगाटात विज्ञान व तंत्रज्ञान राज्यमंत्री जितेंद्र सिंह यांनी ‘डीएनए तंत्रज्ञान (वापर व उपयोजन) नियमन विधेयक, २०१९’ मागे घेतले. विधेयक मांडले जाते तेव्हा वाद होतात, मंजूर होते तेव्हा मतविभागणी होते. ते मागे घेतले जाते तेव्हा मात्र सभागृह क्वचितच मान वर करून पाहते. या विधेयकाच्या वाट्यालाही तेच आले. सरकारने दिलेले कारण वरकरणी बिनतोड होते. विधेयकातील बहुतांश तरतुदी ‘फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा, २०२२’ मध्ये समाविष्ट झालेल्या असल्याने स्वतंत्र कायद्याची गरज उरलेली नाही, असा त्याचा आशय होता.

सारी गोम या ‘बहुतांश’ शब्दात आहे. मागे घेतलेल्या विधेयकात राष्ट्रीय डीएनए माहितीपेढीची कल्पना होती आणि तिच्यात पाच सूची ठेवल्या जाणार होत्या. गुन्ह्याच्या ठिकाणी मिळालेल्या नमुन्यांची, संशयित व कच्च्या कैद्यांची, शिक्षा झालेल्या गुन्हेगारांची, बेपत्ता व्यक्तींची आणि अनोळखी मृतांची. यांपैकी आरोपी व गुन्हेगार यांच्याशी संबंधित अधिकार २०२२ च्या कायद्याने पोलिसांच्या हाती दिले. शेवटच्या दोन सूची मात्र कोणत्याच कायद्यात गेल्या नाहीत. शिक्षा झालेले, अटक झालेले आणि प्रतिबंधात्मक कायद्याखाली स्थानबद्ध केलेले, अशा माणसांभोवती तो कायदा फिरतो. रेल्वेमार्गालगत सापडलेला अनोळखी मृतदेह आणि त्याची वाट पाहणारे कुटुंब यांचा विचार त्यात नाही. आरोपीच्या शरीराची मोजमापे ७५ वर्षे जपण्याची व्यवस्था संसदेने केली; नाव हरवलेल्या मृताची ओळख एक दिवस जपण्याचे बंधनही कोणावर घातले नाही.

देशात दरवर्षी हजारो मृतदेह अनोळखी म्हणून नोंदले जातात. त्यांच्याबाबतीत काय घडते, हे कोणत्याही पोलीस ठाण्यात पाहता येते. आकस्मिक मृत्यूची नोंद होते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होत असे तो मृत्यूचा पंचनामा आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होतो. कपड्यांचे वर्णन, गोंदण, अंदाजे वय, छायाचित्र एवढी सामग्री कागदावर येते. ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे चाळीस, रंग सावळा, बांधा मध्यम’ अशा शब्दांत परिपत्रक निघते. ठरावीक मुदत संपली की महापालिका किंवा एखादी सेवाभावी संस्था अंत्यसंस्कार उरकते. काही देह वैद्यकीय महाविद्यालयांकडे जातात. कलेवर नष्ट होते त्याबरोबर त्याची ओळख पटण्याची शेवटची शक्यताही बहुधा नष्ट होते.

त्याच वेळी शेकडो किलोमीटर अंतरावरच्या दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या ठाण्यात, कोणीतरी बेपत्ता असल्याची तक्रार दिलेली असते. या दोन कागदांची गाठ घालून देणारी खात्रीची यंत्रणा देशात नाही. दिल्ली पोलिसांच्या पुढाकाराने २००४ मध्ये सुरू झालेले ‘झिपनेट’ हे शेजारी राज्यांच्या पोलिसांना जोडणारे जाळे, मुलांसाठी २०१५ मध्ये सुरू झालेले ‘खोया-पाया’ हे संकेतस्थळ, पोलीस ठाण्यांना जोडणारी संगणकीय प्रणाली, असे प्रयत्न झाले आणि ते उपयुक्तही आहेत. परंतु या साऱ्यांची भिस्त मुख्यतः चेहऱ्यावर आणि वर्णनावर आहे. पाण्यात चार दिवस राहिलेल्या किंवा आगीत होरपळलेल्या देहाचा चेहरा कोणत्याही छायाचित्राशी जुळत नाही. बोटांचे ठसेही अशा वेळी हाती लागतीलच असे नाही.

डीएनए तपासणीचे महत्त्व येथे आहे. चेहरा नाहीसा झाल्यावरही दाढेत किंवा मांडीच्या हाडात डीएनए टिकून राहतो. मृताचा नमुना आई-वडील किंवा अपत्ये यांच्या नमुन्याशी ताडून पाहिला की नाते सिद्ध होते. पेशीकेंद्रातील डीएनए फारच खराब झाला असेल, तर केवळ आईकडून येणारा मायटोकाँड्रियल डीएनए कामी येतो आणि मग भाऊ, बहीण, मावशी यांचे नमुनेही उपयोगी ठरतात. भारताला हे शास्त्र नवे नाही. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात डॉ. लालजी सिंह यांनी ते १९८०च्या दशकातच विकसित केले आणि राजीव गांधी हत्या प्रकरणाच्या तपासातही त्याचा उपयोग झाला. मात्र या शास्त्राची एक अट आहे. मृताचा नमुना एकटा काहीच बोलत नाही. ज्याच्याशी तो ताडायचा, तो नातेवाइकाचा नमुनाही उपलब्ध असावा लागतो. प्रयोगशाळा कितीही अद्ययावत असली, तरी या दोन टोकांना जोडणारी नोंदपद्धती नसेल, तर तिचा उपयोग मर्यादित राहतो.

गेल्या काही वर्षांतील दोन दुर्घटना शेजारी ठेवल्या की हा फरक स्पष्ट होतो. अहमदाबाद येथे १२ जून २०२५ रोजी एअर इंडियाचे विमान कोसळले. विमानातील २४२ पैकी २४१ आणि जमिनीवरील १९ जण मृत्युमुखी पडले. अनेक देह ओळखण्यापलीकडे गेले होते. तरीही नातेवाइकांचे नमुने तातडीने घेऊन गांधीनगरच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळांनी त्या महिन्याच्या अखेरपर्यंत ओळख पटवण्याचे काम पूर्ण केले. गुजरातचे माजी मुख्यमंत्री विजय रूपाणी यांची ओळखही दुर्घटनेनंतर तिसऱ्या दिवशी अशाच जुळणीतून पटली. या कार्यक्षमतेचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. पण विमानातील प्रत्येक प्रवाशाचे नाव यादीत होते. कोणाच्या कुटुंबाला बोलवायचे, हे पहिल्या तासापासून ठाऊक होते.

ओडिशातील बालासोर जिल्ह्यात २ जून २०२३ रोजी तीन गाड्यांचा अपघात होऊन २९० हून अधिक प्रवासी दगावले. तेथे अनारक्षित डब्यांतील प्रवाशांची यादीच नव्हती. पोटासाठी दक्षिणेकडे निघालेले किंवा तिकडून गावी परतणारे मजूर त्या डब्यांत होते. एकाच देहावर दोन-दोन कुटुंबांनी दावा सांगितल्याचे प्रकार घडले. डीएनए जुळणीतून बरेच गुंते सुटले. पण भुवनेश्वरच्या ‘एम्स’मध्ये चार महिने शीतपेट्यांत ठेवूनही २८ देहांना कोणी वारस मिळाला नाही. अखेर ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने त्यांच्यावर अंत्यसंस्कार केले. विज्ञान दोन्हीकडे तेच होते. फरक होता तो यादीचा, आणि यादीत नाव असणे-नसणे हा आपल्याकडे फार मोठ्या प्रमाणात आर्थिक स्थितीचा प्रश्न असतो. अनारक्षित डब्यातील मजुराच्या कुटुंबाला अपघाताची बातमी कळते तेव्हाही आपला माणूस त्याच गाडीत होता की नाही, हे ठाऊक नसते.

केदारनाथच्या २०१३ च्या प्रलयात सापडलेल्या देहांचे नमुने सामूहिक अंत्यसंस्कारापूर्वी घेण्यात आले होते. वायनाडमध्ये ३० जुलै २०२४ च्या भूस्खलनानंतर सापडलेले देह आणि अवयव पुथुमला येथे क्रमांक घालून पुरण्यात आले आणि डीएनए अहवाल येतील तसतशी त्या क्रमांकांना नावे मिळत गेली. क्रमांकाच्या जागी नाव येणे म्हणजे काय, हे त्या डोंगरउतारावर उभ्या असलेल्या कुटुंबांना सांगावे लागले नाही. केरळ शासनाने हे काम निष्ठेने केले. परंतु ते एका आपत्तीपुरते आणि एका राज्यापुरते होते. प्रत्येक दुर्घटनेनंतर नवी धावपळ, नवे परिपत्रक, नवी शिबिरे आणि काम संपले की पुन्हा शांतता, असा हा क्रम आहे. दररोज एकेकट्याने सापडणाऱ्या अनोळखी देहांसाठी तर अशी धावपळही होत नाही. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर वर्षभर अनोळखी मृतदेह सापडतात. त्यांना दुर्घटना म्हणून कोणी मोजत नाही, म्हणून त्यांच्यासाठी नियंत्रण कक्षही उघडत नाही.

या विधेयकाचा संसदीय प्रवास हाही एक धडा आहे. जैवतंत्रज्ञान विभागाने २००७ मध्ये पहिला मसुदा तयार केला. त्यानंतर मसुदे बदलत राहिले, तज्ज्ञ समित्या बसत-उठत राहिल्या. बेवारस मृतदेहांच्या प्रश्नावर ‘लोकनीती फाउंडेशन’ने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. न्या. बी. एस. चौहान यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने जुलै २०१७ मध्ये आपल्या २७१व्या अहवालात विधेयकाचा नवा मसुदा दिला. मे २०१८ मध्ये केंद्र सरकारने विधेयक लवकरच मांडण्याची ग्वाही न्यायालयाला दिली आणि तिच्या आधारे ही याचिका निकाली निघाली. ऑगस्ट २०१८ मध्ये विधेयक लोकसभेत आले, ८ जानेवारी २०१९ रोजी मंजूरही झाले. पण राज्यसभेत पोहोचण्यापूर्वी सोळाव्या लोकसभेची मुदत संपली व ते व्यपगत झाले. जुलै २०१९ मध्ये ते पुन्हा मांडले गेले, जयराम रमेश यांच्या अध्यक्षतेखालील स्थायी समितीकडे गेले आणि समितीने ३ फेब्रुवारी २०२१ रोजी अहवाल सादर केला. त्यानंतर अडीच वर्षे ते पडून राहिले आणि मग परत घेतले गेले. ज्या मृतदेहांच्या प्रश्नावर न्यायालयाचे दार ठोठावले गेले होते, नेमका तोच प्रश्न या प्रवासात वाटेत गळून पडला. न्यायालयाला दिलेल्या ग्वाहीचे पुढे काय झाले, हे सभागृहात विचारले जायला हवे होते.

विधेयक रखडले ते केवळ अनास्थेपोटी, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. विरोधातील आक्षेप गंभीर होते. डीएनए म्हणजे बोटाचा ठसा नव्हे. त्यातून आजार, वंश, कूळ आणि ज्यांनी कधी नमुना दिलाच नाही अशा नातलगांविषयीही माहिती निघू शकते. न्या. पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरवल्यानंतर अशा माहितीचा संग्रह करताना सरकारला अधिक कडक कसोटीला उतरावे लागते. असदुद्दीन ओवेसी आणि बिनोय विश्वम यांनी स्थायी समितीच्या अहवालाला भिन्नमतपत्रिका जोडल्या. जात, धर्म किंवा राजकीय मत यांच्या आधारे एखाद्या समाजगटाला लक्ष्य करण्यासाठी ही माहिती वापरली जाईल, ही भीती समितीनेही सर्वस्वी निराधार मानली नाही. प्रादेशिक पेढ्यांचे जाळे उभारण्याऐवजी एकच राष्ट्रीय पेढी असावी, असे समितीने सुचवले, ते याच कारणाने.

विरोधाभास असा, की हे आक्षेप प्रामुख्याने ज्या भागाविषयी होते, तो भाग २०२२ मध्ये वेगळ्या दाराने कायद्याच्या पुस्तकात आला. तो कायदा स्थायी समितीकडे पाठवावा, ही विरोधकांची मागणी मान्य झाली नाही. हेड कॉन्स्टेबल किंवा त्यावरील दर्जाच्या पोलिसाला मोजमापे घेण्याचा अधिकार मिळाला. जुन्या विधेयकातील स्वतंत्र डीएनए नियामक मंडळ आणि प्रयोगशाळांच्या अधिमान्यतेची चौकट मात्र त्यात आली नाही. ज्याची भीती होती ते मिळाले, ज्याची गरज होती ते राहून गेले. सरकारला अधिकार हवे होते आणि विरोधकांना त्या अधिकारांवर अंकुश हवा होता. या ओढाताणीत बेपत्तांच्या कुटुंबांची बाजू मांडणारा पक्ष कोणताच नव्हता. ही कुटुंबे विखुरलेली आहेत, बहुतेक गरीब आहेत, त्यांची मतपेढी होत नाही.

काही ठिकाणी तर शासनसंस्थेलाच ओळख पटणे गैरसोयीचे वाटते, हेही मान्य केले पाहिजे. जम्मू-काश्मीर राज्य मानवाधिकार आयोगाच्या तपास पथकाला २०११ मध्ये उत्तर काश्मीरमधील ३८ ठिकाणी २,७३० देह पुरल्याचे आढळले. त्यांपैकी ५७४ जणांची ओळख स्थानिक म्हणून पटली होती, २,१५६ अनोळखी होते. डीएनए तपासणीची शिफारस झाली. राज्य सरकारने सरसकट तपासणीला नकार दिला आणि आपला माणूस कोणत्या कबरीत आहे याची बऱ्यापैकी खात्री असलेल्या नातेवाइकांनी पुढे यावे, अशी भूमिका २०१२ मध्ये घेतली. ज्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, ते उत्तरच अर्जासोबत जोडायला सांगण्याचा हा प्रकार होता. पुढे २०१९ मध्ये राज्याच्या पुनर्रचनेबरोबर तो आयोगच संपुष्टात आला. अनेक वर्षे पतीचा पत्ता नसलेल्या तेथील स्त्रियांना ‘अर्धविधवा’ हे नाव पडले आहे. सात वर्षे ज्याची खबर नाही त्याला मृत गृहीत धरण्याचे जुन्या पुरावा कायद्यातील कलम १०८ चे तत्त्व नव्या साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. तोवर निवृत्तिवेतन, विमा, जमिनीचा फेरफार, पुनर्विवाह यांतले काहीच सुरळीत होत नाही. सात वर्षांनंतर न्यायालयाकडून मिळतो तो कायद्याचा निष्कर्ष. माणूस कुठे गेला, याचे उत्तर त्यात नसते.

काश्मीरनेच या तंत्राच्या दोन्ही बाजू देशाला दाखवल्या आहेत. पथरीबल येथे मार्च २००० मध्ये विदेशी अतिरेकी म्हणून मारले गेलेले पाच जण स्थानिक नागरिक असल्याचा दावा कुटुंबांनी केला, तेव्हा नमुने हैदराबादला पाठवण्यात आले. त्या नमुन्यांतच फेरफार झाल्याचे २००२ मध्ये उघड झाले. स्त्री नातेवाइकांच्या नावाने पाठवलेल्या काही नमुन्यांत पुरुषांचे नमुने निघाले. नव्याने नमुने घेतल्यावर कुटुंबांचे म्हणणे खरे ठरले. शोपियाँ जिल्ह्यातील अमशीपुरा येथे जुलै २०२० मध्ये मारले गेलेले तिघे राजौरीचे मजूर होते, हेही त्या सप्टेंबरात डीएनए जुळणीनेच सिद्ध झाले. प्रयोगशाळेपर्यंत पोहोचणारी बाटली कोणाच्या हातातून जाते, यावर सत्याचे भवितव्य अवलंबून असते, हा या दोन प्रकरणांचा अर्थ. अहमदाबादच्या दुर्घटनेनंतरही काही ब्रिटिश कुटुंबांच्या वतीने भलतेच अवशेष मिळाल्याची तक्रार करण्यात आली होती आणि विहित कार्यपद्धतीनुसारच काम झाल्याचे परराष्ट्र मंत्रालयाला सांगावे लागले होते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये डीएनए नमुन्यांच्या हाताळणीसाठी निर्देश देताना ते ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवण्यावर आणि प्रत्येक हस्तांतराची नोंद ठेवण्यावर भर दिला. हे निर्देश फौजदारी खटल्यांच्या संदर्भात आहेत. बेवारस देहाबाबत खटलाच नसतो, म्हणून नियमही नसतो.

मार्ग अवघड आहे, अशातला भाग नाही. गुन्हे तपासाची पेढी आणि बेपत्तांची पेढी यांची पूर्ण फारकत करणारा छोटा, स्वतंत्र कायदा करता येईल. बेपत्ता व्यक्तीच्या आईने मुलाच्या शोधासाठी दिलेला नमुना तिच्या दुसऱ्या मुलाविरुद्धच्या तपासात वापरला जाणार नाही, अशी हमी कायद्यातच असली पाहिजे. अन्यथा ज्यांना सर्वाधिक गरज आहे तीच कुटुंबे नमुना द्यायला धजावणार नाहीत. लेखी संमती, शोध संपताच नमुना नष्ट करण्याचा हक्क, पोलीस खात्याबाहेरील नियंत्रण आणि अनोळखी देहाची विल्हेवाट लावण्यापूर्वी दात किंवा हाडाचा नमुना जतन करण्याचे बंधन, एवढ्या चार गोष्टींवर तो उभा राहू शकतो. पोलीस हा राज्यसूचीतील विषय असल्याने राज्यांना विश्वासात घ्यावे लागेल. पण देह एका राज्यात आणि आई दुसऱ्या राज्यात असताना राज्यनिहाय उत्तर अपुरेच राहणार. प्रयोगशाळांत प्रलंबित प्रकरणांचे ढीग आहेत, हा आक्षेप खरा आहे. मात्र नमुना जतन करणे आणि त्याची तपासणी करणे या वेगळ्या गोष्टी आहेत. तपासणी सवडीने होऊ शकते. जाळलेल्या देहाचा नमुना पुन्हा मिळत नाही.

जगात याची उदाहरणे आहेत. लष्करी राजवटीत हिरावल्या गेलेल्या नातवंडांच्या शोधासाठी आज्यांनी चालवलेल्या चळवळीच्या रेट्यामुळे अर्जेंटिनात १९८७ मध्ये राष्ट्रीय जनुकीय माहितीपेढी कायद्याने स्थापन झाली. बोस्नियात स्रेब्रेनिकाच्या १९९५ च्या हत्याकांडातील सुमारे आठ हजार बळींपैकी बहुतेकांची ओळख कुटुंबीयांच्या रक्तनमुन्यांवरून पटली. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाने हे नमुने नावांऐवजी संकेतांकांनिशी तपासले. ‘इंटरपोल’ने २०२१ मध्ये बेपत्तांच्या नातेवाइकांच्या नमुन्यांवर आधारित ‘आय-फॅमिलिया’ ही व्यवस्था सुरू केली. भारताच्या तुलनेत कितीतरी कमी साधने असलेल्या देशांनी युद्धाच्या राखेतून हे उभे केले आहे.

सरकार पुढाकार घेणार नसेल, तर खासदारांना खासगी विधेयकाचा मार्ग मोकळा आहे. १९७० नंतर एकाही खासगी विधेयकाचे कायद्यात रूपांतर झालेले नाही, हे खरे. तरीही त्या निमित्ताने चर्चा होते, मंत्र्याला उत्तर द्यावे लागते आणि दिलेली ग्वाही आश्वासन समितीच्या वहीत चढते. २०२३ मध्ये गोंगाटात जे निसटले, त्यावर निदान एक शुक्रवार दुपार खर्च करणे संसदेला अशक्य नाही. प्रत्येक अनोळखी देहाच्या पंचनाम्यावर नावाचा रकाना असतो. तो रिकामा ठेवून कागद मिटवला जातो तेव्हा कुठल्यातरी गावात कोणीतरी रोज संध्याकाळी बसथांब्याकडे पाहत असते. त्या रकान्याची जबाबदारी घेणारा कायदा आज देशात नाही, आणि तो करण्याचे काम संसदेखेरीज दुसरे कोणी करू शकत नाही.